संगणकावरून राजधानीचे दर्शन
(निजामशाही नगरावरील सामूहिक विमानफेरीची आखणी)

आपण ज्या शहरात राहतो, त्या शहराचा आकार आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. माळीवाडा, दिल्ली दरवाजा, भिंगार ही नावे रोजच्या तोंडी असतात. परंतु किल्ला शहराच्या कोणत्या अंगाला आहे, सीना कोणत्या बाजूने वाहते, असे विचारले तर चांगले शिकलेसवरलेलेही क्षणभर थबकतात. हे विमानातून पाहता आले तर चटकन उमगेल. पण विमानात बसणार कोण? शिवाय किल्ला लष्कराच्या ताब्यात आणि शेजारी छावणी, त्यामुळे प्रत्यक्षात कोणी खासगी विमान घेऊन मनास येईल तसे या भागावर घिरट्या घालू शकत नाही. संगणकावरील विमान मात्र तेथे खुशाल नेता येते. मंडळाच्या विद्यार्थ्यांना सुटीत अशी सामूहिक फेरी काढावयाची असल्यास ती कशी आखावी, हे येथे सांगावयाचे आहे.

विमान चालविण्याचा आभास देणाऱ्या प्रणालीस ‘फ्लाइट सिम्युलेटर’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ साली आला. २०२० आणि २०२४ च्या त्याच्या आवृत्त्या उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांवर सारी पृथ्वी उभी करतात. पण त्यांना पैसे पडतात, भारी संगणक लागतो आणि इंटरनेटही वेगवान लागते. ‘फ्लाइटगिअर’ हा मात्र विनामूल्य आहे आणि त्यात निरनिराळ्या संगणकांवरील वैमानिकांना एकमेकांची विमाने दिसतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘गुगल अर्थ प्रो’मध्येच दडलेला छोटा सिम्युलेटर. त्यात एकट्यानेच उडावे लागते, म्हणून तो पडद्यावर दाखवून सभागृहात वापरावा. काही ज्येष्ठ मंडळी याला पोरखेळ म्हणून नाक मुरडतील. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, दहा मिनिटांत तेच सूचना देऊ लागतात.

प्रत्येकाच्या घरी संगणक नसतो, ही आपली खरी अडचण आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे तोच उडणार आणि बाकीचे मागे उभे राहून बघणार, असे झाले तर सहल काढण्यात अर्थ नाही. त्यासाठी एका संगणकावर तिघे बसवावेत. एकाने विमान चालवावे, दुसऱ्याने नकाशा धरून दिशा सांगावी, तिसऱ्याने खालील स्थळाची माहिती वाचावी आणि प्रत्येक टप्प्याला जागा बदलाव्यात. चार संगणक मिळाले तरी बारा विद्यार्थी खऱ्या अर्थाने सहलीत सामील होतात. मुलींना नकाशाचेच काम देऊन बसवू नये, हेही सांगून ठेवतो.

उड्डाण शिर्डी विमानतळावरून करावे. काकडी गावाजवळचा हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तेथून नगर सरळ रेषेत सुमारे ७७ किलोमीटर, म्हणजे ४१ सागरी मैल, दक्षिण-आग्नेयेस आहे. होकायंत्रावर १५० अंश ही दिशा धरावी. ‘सेसना १७२’ हे चार आसनी विमान सर्वांनी घ्यावे. त्याचे पंख डोक्यावर असल्याने खालचे दृश्य झाकले जात नाही. वेग १०० नॉट ठेवला तर साधारण २५ मिनिटांत आपण नगरवर येतो. सर्वांनी सकाळी दहाची वेळ आणि निरभ्र हवामान निवडावे, अन्यथा एकाच्या पडद्यावर ऊन आणि दुसऱ्याच्या पडद्यावर पाऊस असा गोंधळ होतो. पुढच्या विमानात जाणता विद्यार्थी असावा. मागच्यांनी दोनदोनशे फूट उंचीचा फरक ठेवून यावे.

वाटेत झोपू नये! प्रथम लोणी-प्रवरानगर लागते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सुरू झालेला सहकारी साखर कारखाना तो हाच. प्रवरेच्या कालव्यांमुळे हा पट्टा हिरवागार दिसतो. पुढे राहुरीजवळ मुळा धरणाचा जलाशय येतो. त्यानंतर जमिनीचा रंग बदलत जातो आणि पूर्वेस पाथर्डीकडे नजर टाकली तर तपकिरी माळच माळ दिसतात. इकडचा ऊस तोडावयास तिकडची माणसे का येतात, याचे उत्तर या दोन रंगांत बरेचसे आहे.

आता उंचीविषयी. ही बाब नीट ध्यानी घ्यावी. विमानातील उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो, जमिनीपासूनची नव्हे. नगर शहरच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१३० फुटांवर आहे. ‘दीड हजार फुटांवरून शहर पाहू’ असे कोणी ठरविले तर ती उंची जमिनीच्या पोटात येते. म्हणून शहरावर ३५०० फूट धरावेत, म्हणजे आपण घरांपासून साधारण १४०० फूट वर राहतो.

शहर का वसले, हे सांगण्याची योग्य जागा हीच. बहमनी राज्यातून फुटून निघालेल्या मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी सेनेचा पराभव केला आणि पुढे तेथेच राजधानी वसविली. त्याचे मूळ ठाणे जुन्नर, आणि डोळा दौलताबादवर. नगरपासून जुन्नर हवाई अंतराने सुमारे ९० किलोमीटर आणि दौलताबाद सुमारे १०५ किलोमीटर आहे. दोन्हींच्या जवळजवळ मध्यावर त्याने मुक्काम टाकला आणि १४९९ साली दौलताबाद घेतले. पुस्तकात हे वाक्य वाचून विसरले जाते. विमान थोडे वर नेऊन नकाशावर तिन्ही ठिकाणे पाहिली की विसरणे कठीण.

पश्चिमेस सीनेच्या काठी, दिल्ली दरवाजाबाहेर, बागरोजा म्हणजे या अहमद निजामशहाचीच कबर आहे. तेथून पूर्वेकडे वळले की किल्ला दिसतो. हा भुईकोट. वीसहून अधिक बुरूज, भोवती रुंद खंदक, आणि वरून पाहता जवळजवळ वाटोळा. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात त्याची दगडी बांधणी केली. वैमानिक डाव्या आसनावर बसतो, म्हणून किल्ला डावीकडे ठेवून फेरी घ्यावी. ९० नॉट वेग आणि २० अंश कल ठेवला तर सुमारे ६०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ होते आणि एक फेरी सुमारे ८० सेकंदांत पुरी होते. माहिती वाचणाऱ्याने मजकूर तेवढाच लिहून आणावा. तीन फेऱ्या घेतल्या तर चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढविलेला किल्ला, १६०० मध्ये तिची हत्या होऊन तो पडणे, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने तो घेणे, इतके सांगून होते. तिसरी फेरी मात्र १९४२ साठी राखून ठेवावी. ‘चले जाव’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथे कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच १९४४ मध्ये लिहिले हे सर्वांस ठाऊक असते. त्याच कैद्यांत बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक आचार्य नरेंद्र देव होते आणि वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतराचे काम त्यांनी या तटांच्या आत केले, हे आपल्यापैकीही पुष्कळांना माहीत नसते.

किल्ल्याच्या पूर्वेस लागूनच भिंगार. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी याच परिसरात वारला. आग्नेयेस तळ्याच्या मध्यभागी बांधलेला फराहबाग महाल येतो. येथपासून विमान वर चढवू लागावे, कारण पुढचे स्थळ डोंगरावर आहे. शहा डोंगराचा माथा सुमारे ३००० फुटांवर असून त्यावर सत्तर फुटांच्या आसपास उंचीची अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला ‘चांदबिबी महाल’ म्हणतात, परंतु ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय. शहराची ३५०० फुटांची उंची तशीच ठेवली तर शिखर अगदीच पोटाखाली येते. तेव्हा ४५०० फूट गाठावेत. मिनिटाला पाचशे फूट चढले तरी दोन मिनिटे पुरतात, आणि अंतर तीन-चार मिनिटांचे आहे.

एक निराशा मात्र आधीच सांगितलेली बरी. लंडन-पॅरिसच्या वास्तू या प्रणालींत हुबेहूब घडविलेल्या असतात. आपल्याकडील बहुतेक इमारती यंत्र छायाचित्रावरून अंदाजाने उभ्या करते. घुमटाच्या जागी साधे चौकोनी घर दिसले तर नवल मानू नये. यासाठी प्रत्येक स्थळाचे खरे छायाचित्र जवळ ठेवावे. हौशी विद्यार्थ्यांना याहून पुढेही जाता येईल. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात कोणालाही भर घालता येते आणि ‘फ्लाइटगिअर’मधील रस्ते व इमारती पुष्कळ अंशी त्यातूनच येतात. बागरोजाची नोंद नीट आहे का, आपल्या वस्तीचे नाव तेथे आहे का आणि ते तेथील लोकांनी स्वीकारलेले नाव आहे का, हे पडताळून दुरुस्त करणे हे एका दुपारचे काम आहे. शहराचे नावही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे. जामखेड तालुक्यातील चोंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. वेळ उरल्यास दक्षिणेस तेथवर एक वेगळी फेरी काढता येईल.

परतीची दिशा ३३० अंश. शिर्डीची पूर्व-पश्चिम धावपट्टी उद्घाटनाच्या वेळी अडीच किलोमीटर लांबीची होती, तेव्हा नवशिक्यालाही पुरेल. ती स्वतःच सुमारे १९०० फुटांवर असल्याने उंचीमापक शून्यावर येण्याची वाट पाहू नये. विमाने एकामागून एक, दोन मिनिटांच्या अंतराने उतरवावीत. आणि ज्याचे विमान आपटेल त्याला हसून न घेता पुन्हा धावपट्टीसमोर आणून बसवावे.