तोतयाची झडती

अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ज्याने एखादी दुपार काढली आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही : गुजरातेकडून येणारी मालमोटार खाकी हात दिसताच वेग उतरविते आणि अंमलदाराने तोंड उघडण्यापूर्वीच चालकाच्या खिडकीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कागदपत्रे बाहेर येतात. हात कोणाचा, हे विचारण्याचा प्रघात नाही. 19 मार्च 1987 रोजी मुंबईस ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर जे घडले, त्याचे मर्म माझ्या मते याच प्रघातात आहे.

मोनसिंग असे नाव सांगणाऱ्या एका इसमाने दोनच दिवस आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'त जाहिरात देऊन गुप्तवार्ता व सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांसाठी तडफदार पदवीधर मागविले, ताजमहाल हॉटेलात त्यांच्या मुलाखती घेतल्या, निवडक 26 जणांना सरावाच्या धाडीसाठी म्हणून बसमध्ये घातले आणि भर दुपारी पेढीत शिरून सरकारी अधिकाऱ्याच्या थाटात झडतीचे वॉरंट पुढे केले. कॅमेरे बंद झाले. दूरध्वनीला कोणी हात लावीना. मालकाने आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हरही हवाली केले. आणि नमुन्यादाखल निवडलेले दागिने पिशव्यांत भरून त्यांवर रीतसर मोहोर उठली. पाऊण तासाने मुद्देमालासह तो बाहेर पडला, तेव्हा उमेदवार आत पहाऱ्यावर उभेच होते. ऐवज 30 ते 35 लाखांचा.

लोक यास दरोडा म्हणतात. पण कायद्याच्या लेखी दरोड्याला किमान पाच गुन्हेगार लागतात, आणि येथे तर एकच होता. त्याच्यासाठी मराठीपाशी अधिक नेमका शब्द आहे, तोतया. 1776 साली सदाशिवरावभाऊंच्या तोतयाकडे कोकणातले किल्ले गेले, तेही तलवारीपेक्षा नावाच्या जरबेने.

नीरज पांडे यांनी 2013 मध्ये 'स्पेशल 26' हा चित्रपट काढताना या एकांड्याला टोळी दिली, प्रेयसी दिली, पाठलाग करणारा अधिकारीही दिला. मूळ प्रकरण याहून पुष्कळ स्वस्तात उरकले होते. टॅरंटिनोने 1992 च्या 'रिझर्व्हायर डॉग्ज'मध्ये हिऱ्यांची लूट पडद्यावर दाखविलीच नाही, बहुतेक कथा एका गुदामात भागविली, आणि खर्च वाचविला. मोनसिंगचा खर्च काय, तर जाहिरात, खोलीभाडे, बस आणि थोड्या पिशव्या; पात्रे तर नोकरीच्या आशेवर बिनपगारी मिळाली. या चोरीत अगतिक कोणी असेल तर ते हे 26 पदवीधर, ज्यांतले काही त्या सकाळी घरी देवाला नमस्कार करून, ठेवणीतला सदरा घालून निघाले असतील.

पोलिसांना हॉटेलच्या नोंदवहीत त्रिवेंद्रमचा पत्ता मिळाला. तपास केरळापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. माग लागला तो विलेपार्ल्याकडे गेलेल्या टॅक्सीपर्यंतच. तेथून उत्तरेचा रस्ता आमच्या अच्छाडवरून जातो. मोनसिंग या बाजूने निसटला असलाच, तर नाक्यावर त्याचे कागद चोख असणार.