वडीलधाऱ्यांस मोबाइल शिकवितांना

आमच्या आत्याबाई रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत एकट्या राहतात. त्यांचें वय आज ७८ वर्षांचें आहे. त्यांचे चिरंजीव कॅनडांत टोरोंटो शहरीं नोकरीस आहेत. २०२१ सालीं त्यांनीं आईसाठीं स्मार्टफोन पाठविला, विजेचें बिल भरण्याची सोय त्यांतच करून दिली, आणि बाकीचें शिकविण्याचें काम आमच्यावर सोंपविलें. आम्हीं तें एका दुपारींच उरकलें. आत्याबाईंच्या हातांतून फोन घ्यावा, भराभर चार ठिकाणीं बोट लावावें, “हें बघ, असें करायचें” म्हणावें आणि फोन परत द्यावा, ही आमची पद्धति. संध्याकाळीं त्यांनीं पुन्हां विचारलें, तेव्हां आमच्या तोंडून निघून गेलें, “आत्या, किती वेळां सांगायचें?” त्यानंतर त्यांनीं आम्हांस कांहींच विचारलें नाहीं. आम्हांस वाटलें, त्या शिकल्या.

२०२२ च्या पावसाळ्यांत त्यांस एक मेसेज आला. गेल्या महिन्याचें बिल भरलें नसल्यामुळें आज रात्रीं वीज तोडण्यांत येईल, तरी अमुक क्रमांकावर बोलावें, असा त्यांतील मजकूर होता. बिल तर भरलेलें होतें. परंतु बाहेर पाऊस, घरांत दुसरें माणूस नाहीं. त्यांनीं त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडील गृहस्थानें गोड बोलून एक ॲप घेण्यास सांगितलें. अशा ॲपमुळें आपल्या फोनच्या कांचेवर जें दिसतें तें परक्याच्या कांचेवरहि दिसूं लागतें. मग “दहा रुपये भरून पाहा” असें तो म्हणाला, आणि ते भरतांना आत्याबाईंनीं जे गुप्त आंकडे दाबले ते त्यानें पाहून घेतले. अठरा हजार रुपये गेले. हें त्यांनीं चार महिने कोणासहि सांगितलें नाहीं. मुलास नाहीं, आम्हांस तर नाहींच. शेवटीं सांगितलें तें शेजारच्या घरांतील नववींत शिकणाऱ्या मुलीला. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाल्या, “अरे, तूं रागावशील असें वाटलें.”

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख लिहिण्याचें कारण तेंच वाक्य आहे. तुमच्याहि घरीं आजी-आजोबा असतील, आणि फोन शिकविण्याचें काम बहुधा तुमच्यावरच येत असेल.

त्या शेजारच्या मुलीस आम्हीं पुढें एकदां शिकवितांना पाहिलें. ती फोनला हातच लावीत नव्हती. फोन सर्व वेळ आत्याबाईंच्या हातांत होता, व ही आपले हात पाठीमागें घेऊन शेजारीं बसली होती. कांहीं चुकलें कीं, “आजी, आतां मागें कसें यायचें?” एवढेंच ती विचारी. मागें येण्याची खूण तिनें सर्वांत आधीं शिकविली होती. कोठेंहि चुकलें तरी परत येतां येतें हें एकदां हातास कळलें, म्हणजे फोन बिघडेल ही धास्ती जाते. आणि वडील माणसांची पहिली धास्ती तीच असते. ज्या काळीं त्यांचें बालपण गेलें, त्या काळीं रेडिओची खुंटी भलतीकडे फिरविली तरी घरांत बोलणीं खावीं लागत!

दुसरी अडचण शरीराची. फोनच्या कांचेखालीं वीजवाहक द्रव्याचा एक पारदर्शक थर असतो. आपलें शरीरहि वीजवाहक असल्यामुळें बोट टेकलें कीं त्या जागीं विजेच्या सांठ्यांत किंचित् फरक पडतो, व तेवढ्यावरून बोट कोठें लागलें हें फोन ओळखतो. म्हणून नखानें टोंचून कांहीं होत नाहीं, आणि जोरानें दाबल्यानें अधिक कांहीं साधत नाहीं. उतारवयांत कातडी कोरडी पडते, व कोरड्या बोटाची दखल फोन पुष्कळदां घेत नाहीं. मग आजी तेंच बोट अधिक वेळ दाबून धरतात, आणि फोन समजतो कीं यांस दुसरेंच कांहीं पाहिजे आहे. कारण क्षणभर टेकविणें व दाबून धरणें या त्याच्या दृष्टीनें दोन निराळ्या आज्ञा आहेत. हा भेद तुमच्या बोटांत न शिकवितांच आलेला असतो. म्हणून तो शिकवावा लागतो हें तुमच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्या मुलीनें आत्याबाईंस सांगितलें, “आजी, तवा तापला का तें बघतां ना, तस्सें बोट लावा.” आमच्या दुपारभराच्या शिकवणीनें जें झालें नाहीं तें या एका वाक्यानें झालें.

डोळ्यांविषयीं व कानांविषयीं थोडेंच सांगतों. फोनमध्यें अक्षरें मोठीं करण्याची, उजेड वाढविण्याची आणि कांच लौकर काळोखी होऊं न देण्याची सोय असते; ती पहिल्याच दिवशीं करून द्यावी. वयोमानानें कान प्रथम उंच स्वर गमावतात; त्यामुळें स, श, ट, फ हीं अक्षरें एकमेकांत मिसळतात. फोनवर ओरडून उपयोग नाहीं, सावकाश बोलावें. ज्यांस अक्षरें शोधून लिहिण्याचा कंटाळा येतो त्यांनीं माइकचें चित्र दाबून धरून बोलावें, म्हणजे बोलणेंच पलीकडे पोंचतें. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१३ पासून आहे.

फोन करण्याचे मार्ग दोन, हें मात्र नीट उलगडून सांगावें लागतें. साधा कॉल टेलिफोन कंपनीच्या वाटेनें जातो. व्हॉट्सॲपचा कॉल इंटरनेटच्या वाटेनें जातो. घर एकच, परंतु रस्ते दोन. इंटरनेट बंद असेल तर दुसरा रस्ता बंद. कॅनडांतील मुलाशीं बोलावयास दुसरा रस्ता स्वस्त. पण रात्रीं छातींत कळ आली, तर ११२ हा मदतीचा क्रमांक साध्या कॉलनेंच लावला पाहिजे, व्हॉट्सॲपवरून तो लागत नाहीं. आत्याबाईंनीं हें आपल्या वहींत तांबड्या शाईनें लिहून ठेवलें आहे.

होय, वही! त्या मुलीनें जुन्या वहीचीं कोरीं पानें काढून दिलीं व प्रत्येक कृति आत्याबाईंकडूनच, त्यांच्याच शब्दांत लिहवून घेतली. “हिरवें चित्र. बाळाचें नांव. कोपऱ्यांतला कॅमेरा. एकदांच बोट.” मुलाचें, डॉक्टरांचें व शेजाऱ्यांचें अशीं तीन नांवें तिनें यादीच्या माथ्यावर टांचून दिलीं, व्हॉट्सॲपमध्यें तशी सोय आहे.

मेसेजखालच्या खुणांनीं आत्याबाईंस फार दिवस छळलें होतें. एक करडी खूण म्हणजे मेसेज येथून निघाला. दोन करड्या म्हणजे पलीकडील फोनवर पोंचला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला. मुलाकडील खुणा दिवसभर करड्याच राहत, आणि आत्याबाई समजत कीं तो रुसला आहे. आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हां टोरोंटोस मध्यरात्र असते, हें कोणी सांगितलेंच नव्हतें. शिवाय निळी खूण दिसूं न देण्याची सोय असते; तेव्हां करडी खूण म्हणजे दुर्लक्ष, असें मुळींच नाहीं.

आतां फसवणुकीविषयीं. फोनवर येणारा सहा आंकडी कोड जो मागेल तो चोर समजावा. तो कोड मिळाला कीं आपलें व्हॉट्सॲप त्याच्या हातीं जातें. पोलिसाचा पोशाख घालून व्हिडिओ कॉलवर “तुम्हांस अटक झाली आहे, खोलींतून हलूं नका” असें सांगणारे लोकहि निघाले आहेत. अशी अटक आपल्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोर पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत हलवीत असतो. लौकर कळलें तर ते वाटेंत अडविण्याचा संभव असतो. चार महिन्यांनीं तो जवळजवळ उरत नाहीं. आजोबांनीं त्याच घटकेस सांगावें असें वाटत असेल, तर कालच्या साध्या प्रश्नावर आपण हंसलों तर नव्हतों ना, हें प्रत्येकानें आठवून पाहावें.

गेल्या महिन्यांत आत्याबाईंचा आम्हांस बोलका मेसेज आला: “अरे, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली आहे. नंबर ओळखीचा नाहीं. उघडूं का?” पत्रिका म्हणून जें आलें होतें तें वस्तुतः एक ॲप होतें. आम्हीं तांतडीनें लिहिलें, “आत्या, उघडूं नकोस.” दोन्ही खुणा लागलीच निळ्या झाल्या, आणि पाठोपाठ उत्तर आलें: “मलाहि तसेंच वाटलें होतें. पण म्हटलें, विचारावें.”