महाराष्ट्रातील कृषी हवामान विभाग

हवामान, जमीन आणि पीकपद्धती यांचा एकत्रित विचार करून महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग पाडण्यात आले आहेत. नियोजन आयोगाने संपूर्ण देशाचे १५ विभाग मानले होते. राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाने त्याहून सूक्ष्म अशी १२७ विभागांची आखणी केली. राज्यातील नऊ विभाग या आखणीतील होत. पेरणीची वेळ, वाण आणि खतमात्रा यांविषयीच्या शिफारशी विभागनिहाय केल्या जातात.

या विभागांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्याला जेमतेम ५०० मि.मी. लाभतो. या दोन ठिकाणांना एकच सल्ला देणे व्यर्थ होय.

== विभागांची मांडणी ==
कोकणात जांभ्या जमिनीचा दक्षिण आणि अन्य जमिनींचा उत्तर असे दोन विभाग आहेत. भात दोन्हींकडे मुख्य. दक्षिणेत हापूस आंबा व काजूही महत्त्वाचे आहेत. घाटमाथ्यावर भात, नाचणी व वरी होते. त्याच्या पूर्वेस उपपर्वतीय पट्टा व मैदानी पट्टा हे दोन संक्रमण विभाग, त्यापलीकडे अवर्षणप्रवण विभाग येतो. मराठवाड्याचा बराचसा भाग निश्चित पावसाच्या विभागात, मध्य विदर्भ मध्यम पावसाच्या विभागात मोडतो. दोन्हींकडे कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. पूर्व विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो आणि कोकणाप्रमाणेच भातशेती दिसू लागते. तेथे तिला माजी मालगुजारी तलावांचा आधार आहे.

== अवर्षणप्रवण विभाग ==
सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या विभागात सोलापूर जिल्हा आणि अहिल्यानगर, पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्वेकडील भाग येतात. पाऊस येथे कमी तर आहेच, शिवाय तो दोन टप्प्यांत येतो. जून-जुलैतील पहिला टप्पा बेभरवशाचा. सप्टेंबरमधील दुसरा त्या मानाने खात्रीचा.

यामुळे पिकाचा निर्णय जमिनीच्या खोलीवर ठरतो. खोल काळ्या जमिनीतील चिकणमाती ओल धरून ठेवते. अशी जमीन खरिपात पड ठेवून कुळवाच्या पाळ्या देतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी पेरतात. त्यानंतर पाऊस झाला नाही, तरी साठलेल्या ओलीवर पीक तग धरते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच पद्धतीची. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हलक्या माळरानात मात्र ओल टिकत नाही, म्हणून तेथे बाजरी, मटकी, हुलगा अशी खरिपाची पिके घेतात. एकाच गावाच्या शिवारात, एकाच पावसावर, हंगाम असे दोन होतात. कोरडवाहू शेतीवरील संशोधन सोलापूर येथे १९३३ पासून चालत आले आहे.

== मर्यादा ==
ही विभागणी नैसर्गिक परिस्थितीवर आधारलेली आहे. सिंचनाने बदललेली पीकपद्धती तीत पुरेशी उमटत नाही. उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातील ऊस हे त्याचे ठळक उदाहरण. नकाशावर अवर्षणप्रवण म्हणून दाखवलेल्या भागात वर्षभर पाणी लागणारे हे पीक उभे असते आणि धरण न भरलेल्या वर्षी सर्वांत आधी तेच अडचणीत येते.