चूक कोडमध्ये नाही, एडिटरमध्ये

फ्लटर इंजिनचा कोड व्हीएस कोड या एडिटरमध्ये पहिल्यांदा उघडला की छातीत धस्स होतं. फाइलभर लाल नागमोडी रेघा. पहिल्याच ओळीतली हेडर फाइल म्हणे सापडत नाही! आणि हाच कोड कंपायलर मात्र विनातक्रार गिळतो.

फ्लटर हे गूगलचं मोबाइल अ‍ॅप बनवण्याचं साधन. पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ची. अ‍ॅप लिहिणारे डार्ट भाषेत लिहितात, पण तो डार्ट चालवणारं, पडद्यावर चित्र उमटवणारं इंजिन मुख्यतः सी++मध्ये आहे. ही भाषा तशी आतल्या गाठीची. हेडर कुठल्या फोल्डरांत शोधायचे, कोणते मॅक्रो चालू, कोड अँड्रॉइडसाठी की मॅकसाठी, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ते कंपायलरला दिलेल्या हुकमात असतं. एडिटरच्या कानावर तो हुकूम गेलेलाच नसतो.

तो पोचवायचं काम एक साधी जेसन फाइल करते. प्रत्येक सी++ फाइल कोणत्या हुकमाने कंपाइल झाली, याची ती वहीच. इंजिनच्या बिल्डची आखणी करणारं ‘जीएन’ ही वही तयार करतं. ती बिल्डच्या फोल्डरमधून उचलून सोर्सच्या मुळाशी ठेवायची, की एलएलव्हीएम प्रकल्पाचा ‘क्लँगडी’ ती वाचून एडिटरला कोडचा अर्थ सांगू लागतो. त्याआधी एकदा पूर्ण बिल्ड करून घ्यावा, कारण काही हेडर बिल्डमध्येच जन्माला येतात. मायक्रोसॉफ्टच्या सी++ एक्स्टेन्शनचं इंटेलिसेन्सही बंद करावं. एकाच कोडवर दोन पंडित बसवले, तर भांडणच ऐकावं लागणार.

क्लँगडी आणि एडिटर यांच्यातली बोली २०१६मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची आहे. म्हणून व्हीएस कोड न आवडणाऱ्याने व्हिम किंवा ईमॅक्स घेतला, तरी वही तीच चालते.

मग इंडेक्सिंग सुरू होतं, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो. चहा होईपर्यंत थांबायचं. एकेक लाल रेघ विरते, फंक्शनवर क्लिक केलं की थेट त्याच्या व्याख्येपाशी उडी. इथे निवांत होऊन अँड्रॉइडच्या फोल्डरातली फाइल उघडावी, तर रेघा पुन्हा हजर! कारण आपण ठेवलेली वही संगणकासाठीच्या बिल्डची. अँड्रॉइडच्या फाइलींची तीत नोंदच नाही. क्लँगडी मग मिळत्याजुळत्या नावाच्या फाइलीचा हुकूम उसना घेतो आणि हमखास फसतो. अँड्रॉइडचा बिल्ड करून त्याची वही जागेवर ठेवायची, क्लँगडी पुन्हा सुरू करायचा आणि परत चहाचं आधण चढवायचं.