प्रमाणाचा आकडा आणि प्रतिकृतीचा खरेपणा

प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून विमान, रणगाडा किंवा जहाज यांची प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवण्याच्या छंदात सर्वांत खोल रुजलेला समज असा, की मूळ वस्तूचे प्रत्येक माप ठरावीक आकड्याने भागले की खरी प्रतिकृती हाती येते. १:७२ या प्रमाणात मुळातील ७२ सेंटिमीटरचा १ सेंटिमीटर होतो हे खरे असले, तरी हा भागाकार केवळ लांबीचा आहे; पृष्ठफळ त्याच्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ पटींनी, आणि घनफळ घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटते. म्हणूनच १:२४ ची मोटार १:४८ च्या मोटारीच्या दुप्पट लांबीची असते, पण फळीवर ती चौपट जागा अडवते आणि तिचे घनफळ आठपट भरते.

हे आकडे शास्त्रीय काटेकोरपणातून आले असावेत, हा समजही तपासण्यासारखा आहे. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट आणि १:४८ म्हणजे पाव इंचात एक फूट, हा हिशेब ब्रिटिश मोजमापांच्या सोयीचा होता. रणगाड्यांसाठी जगभर रूढ झालेल्या १:३५ ला तर तेवढाही आधार नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याचा चालता संच काढला, तेव्हा त्याचे आकारमान आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील अशा बेताने ठरले; प्रमाण मागाहून मोजले गेले आणि पुढे तेच प्रस्थापित झाले. आगगाड्यांच्या प्रतिकृतींत ही विसंगती डोळ्यांना दिसते. ब्रिटनमधील ‘ओओ’ पद्धतीत इंजिन १:७६.२ प्रमाणाचे, पण रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे १,४३५ मिलिमीटरचा मूळ मार्ग हिशेबाने सुमारे १८ सेंटिमीटर अरुंद ठरतो. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा असल्याने १:८७ च्या ‘एचओ’ प्रमाणात रुळांमधील अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. बाजारात सहज मिळणारे एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी बनलेले आहेत.

जितका तपशील ठळक तितकी प्रतिकृती अस्सल, ही समजूत तर प्रदर्शनांतील बक्षीसपात्र कामांतही आढळते. विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवण्यासाठी साच्यात कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असली, तर १:७२ च्या हिशेबाने ती १४.४ मिलिमीटरची फट होते, आणि अशा फटी असलेले विमान धावपट्टीवर कोणी आणणार नाही. या रेघांत काळ्या रंगाचे पातळ पाणी सोडून त्या आणखी उठावदार करण्यापेक्षा मूळ रंगाचीच किंचित गडद छटा वापरणे अधिक संयत ठरते. जाडीचेही तसेच आहे. एक मिलिमीटरचा पत्रा या प्रमाणात ०.०१४ मिलिमीटरचा व्हायला हवा, जे साच्यातून ओतलेल्या प्लास्टिकला शक्य नाही. म्हणून जाणकार कारागीर चाकांची झाकणे, धुराड्याची तोंडे यांसारख्या भागांची केवळ दिसणारी कड आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करतात आणि उरलेली जाडी नजरेआड राहू देतात.

जोडणीच्या बाबतीत, जास्त गोंद लावला की सांधा पक्का होतो असे मानले जाते. वस्तुतः पॉलिस्टायरीनचे सिमेंट हे चिकटवणारे द्रव्य नसून द्रावक आहे, म्हणजे ते दोन्ही कडा विरघळवते आणि द्रावक उडून गेल्यावर त्या एकजीव होतात. प्रमाणाबाहेर लावल्यास शेजारचे तपशील वितळतात, आणि रंगवलेल्या कडेवर लावल्यास ते प्लास्टिकपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून आधी रंग खरवडावा लागतो. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफ पारदर्शक भागांवर पांढुरके धुके धरते, त्यामुळे वैमानिकाच्या कक्षाची काच फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने बसवणे सुरक्षित. एअरब्रशवाचून चांगले रंगकाम होत नाही, हा केवळ धाक आहे. पातळ रंगाचे अनेक हात साध्या ब्रशनेही समतल बसतात.

चिन्हांची डिकले, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवण्याची पातळ चित्रे, खरखरीत पृष्ठभागावर घट्ट धरतात हा समज तर्काला पटणारा, पण उलटा आहे. मॅट रंगाच्या सूक्ष्म खळग्यांत हवा अडकून चित्राभोवती चंदेरी झाक येते, म्हणून आधी चकचकीत वार्निश, त्यावर डिकल आणि शेवटी मॅट वार्निश असा क्रम ठेवला जातो.

वापराच्या खुणा दाखवताना सर्वत्र तपकिरी गंज लावण्याची हौस सर्वांत महागात पडते. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमानांचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता आणि तो तपकिरी गंजत नाही. रंग उडाला की खाली धातूची किंवा अस्तराच्या रंगाची छटा दिसते, आणि १:७२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा टवकाही मुळात ३.६ सेंटिमीटरचा ठरतो. रणगाड्याच्या पोलादी पट्ट्यांवर गंज असतो, पण तो खाचांत साचतो. जमिनीला सतत घासणारे उंचवटे मात्र झिजून उघड्या पोलादासारखे चकाकत राहतात.