वालपापडीची रोपं नुसतीच उंच झाली तर?

आषाढ लागला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. बाहेर राबातली भाताची रोपं हिरवीगार तरारतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, डब्यात रुजवलेली वालपापडी मात्र वीतभर उंच होऊन मान टाकते. दांडा दोऱ्यासारखा, रंग पांढुरका! तुमच्याही घरी असंच झालं असेल, तर मैत्रिणींनो, ती रोपं फेकून देऊ नका.

हे दुखणं खताचं नव्हे, उजेडाचं. उजेड कमी पडला की त्याच्या शोधात रोप नुसतं उंच होत जातं. दांडा जाड व्हायचा राहूनच जातो. आपण मायेनं पाणी वाढवतो आणि ते आणखीच लुळं पडतं.

मीही हे केलंय. एका वर्षी आईनं माहेरच्या वेलाचं बी दिलं, पुरचुंडीत मोजून बारा दाणे. मी सगळेच रुजवले आणि सगळी रोपं उंचाडली. टोमॅटोचं रोप खोल लावलं की दांड्याला मुळं फुटतात, हे ठाऊक होतं. म्हटलं, यांनाही तसंच करू. निम्मा दांडा ओल्या मातीत पुरला. चार दिवसांत दहा रोपं बुंध्याशी कुजली. उरलेल्या दोन वेलांवर माहेरचं बी कसंबसं टिकलं!

आता मी असं करते :

रोपं आधी ओसरीत किंवा गॅलरीत, पागोळ्यांपासून दूर ठेवावीत. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं अधिक. आठवडाभरात उजेड आणि वारा लागून दांडा घट्ट होतो.

लावणी संध्याकाळी करावी. भाताचं रोप उपटलेलं सोसतं. वालाच्या मुळाला तो धक्का सोसत नाही. म्हणून मातीच्या गोळ्यासकटच उचलावं. बी पळसाच्या द्रोणात रुजवलं असेल, तर द्रोणासकट लावलं तरी चालतं.

जमिनीचा थोडा उंचवटा करावा, म्हणजे पाणी साचत नाही. दांडा नेहमीपेक्षा फार तर दोन बोटं खोल जावा. बियांच्या दोन जाड डाळिंब्या मातीवरच राहू द्याव्यात. उरलेल्या दांड्याला काठी रोवून जुन्या सुती लुगड्याच्या चिंधीनं सैल बांधावं.

शेजारीच दोन दाणे थेट जमिनीत टोकावेत. रोप दगावलंच, तर जागा रिकामी राहत नाही.

उशीर झाला म्हणून खंत करू नका. आपली गावठी वालपापडी दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते, तोवर वेलाला सावरायला वेळ मिळतो.

आणि एक सांगते, डब्यातलं सगळं बी एकदम कधीच पेरू नका. चांगल्या वेलाच्या काही टपोऱ्या शेंगा भाजीत न घालता वेलावरच वाळू द्या. बाजारात पापडी मिळेल हो, पण आईच्या दारचा वेल कुठून विकत आणणार?