हार्प, चॅपल आणि फुटबॉलचं मैदान

१ मार्च १९७९. वेल्सचे संत डेव्हिड यांचा सण, आणि नेमकं त्याच दिवशी सार्वमत: वेल्सला स्वतःची विधानसभा हवी की नको? मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. वेल्श भाषेसाठी झगडणारे कार्यकर्ते पार खचले. गायक दाविद यूअन त्यांच्यातलेच. इंग्रजी पाट्यांना रंग फासल्याचा दंड भरायला नकार दिला म्हणून ते १९७० साली तुरुंगात जाऊन आले होते.

१९८३ मध्ये त्यांचं ‘अमा ओ हीद’, म्हणजे ‘अजून इथेच’, हे गाणं आलं. रोमन सेनापती मॅग्नस मॅक्सिमस सन ३८३ मध्ये ब्रिटन सोडून गेला, त्याला सोळाशे वर्षं झाली, तरी आम्ही आहोतच, असा त्यातला हिशेब. जाता जाता पंतप्रधान थॅचरबाईंनाही चिमटा!

वेल्श माणसं पूर्वीपासून गाणारी, असं सरसकट म्हटलं जातं. पण मध्ये एक काळ असा आला की गाणंच संशयित ठरलं. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाची लाट आली, आणि फिडल, नाच, जत्रा हे सगळं पापाच्या यादीत गेलं. हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी १७८४ मध्ये जुन्या चाली छापून ठेवल्या म्हणून बऱ्याच वाचल्या. गंमत अशी की त्याच पंथाच्या चॅपलनं, म्हणजे प्रार्थनाघरानं, पुढे खाणकामगारांना चार आवाजांत समूहगान शिकवलं. एका हातानं काढून घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं.

हार्पचं प्रकरणही सरळ नाही. वेल्सचं राष्ट्रीय वाद्य मानली जाणारी तिहेरी हार्प मुळात सतराव्या शतकात इटलीकडून आलेली. तारांच्या तीन ओळी. बाहेरच्या दोन सारख्याच सुरात लावलेल्या, मधली अर्धसुरांसाठी. तिथवर पोहोचायला बाहेरच्या तारांमधून बोट आत घालावं लागतं. हे अवघड वाद्य टिकवण्यात रोमानी भटक्या घराण्यांचा वाटा मोठा. नॅन्सी रिचर्ड्स (१८८८–१९७९) या रोमानी वादकांना ऐकत वाढल्या आणि त्यांनी हे वाजवणं पुढच्या पिढीच्या हाती दिलं. शुद्ध वेल्श वारशाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

‘केर्द दांत’ या गायनप्रकारात हार्पची चाल एक आणि कवितेची दुसरीच. हार्प आधी सुरू होते, गायक थोडा थांबून शिरतो, पण शेवट मात्र दोघांनी एकाच क्षणी गाठायचा. ‘मारी लूइड’ त्याहून रांगडी. ऐन थंडीत घोड्याची कवटी काठीवर बसवून, पांढरी चादर पांघरून टोळकं दारोदार जातं. दाराआडून घरच्यांशी पद्यात कलगी-तुरा रंगतो. घरच्यांचे शब्द संपले की टोळक्याला आत घेऊन खाऊ-पिऊ घालायचं.

राजकारण या गाण्यांत पाण्यावाटे शिरलं. लिव्हरपूल शहराच्या धरणासाठी १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव बुडालं. धरणाला परवानगी देणाऱ्या कायद्याच्या बाजूनं वेल्सच्या एकाही खासदारानं मत दिलं नव्हतं. १९६९ मध्ये ‘साइन’ ही वेल्श रेकॉर्ड कंपनी निघाली. तिची पहिली रेकॉर्ड याच पाण्याबद्दलची.

मार्च २०२२ मध्ये कार्डिफच्या स्टेडियममध्ये, ऑस्ट्रियाविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी, ७८ वर्षांच्या दाविद यूअन यांनी ‘अमा ओ हीद’ गायलं. जूनमध्ये युक्रेनला हरवून वेल्स १९५८ नंतर प्रथमच विश्वचषकात पोहोचला, तेव्हाही तेच गाणं. आता आकडा पाहा: २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे १७.८ टक्के, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी. स्टेडियममध्ये घसा फोडून गाणाऱ्या अनेकांना हॉटेलात वेल्शमध्ये चहा मागता येणार नाही. २०५० पर्यंत दहा लाख भाषक करण्याचं सरकारी उद्दिष्ट गाण्यांवर पार पडणार नाही. त्याला शाळा आणि शिक्षकच लागतील.

तरुण वादक मात्र जुना हिशेब मिटवायला बसलेत. ‘व्री’ हे त्रिकूट व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो घेऊन चॅपलनं गप्प केलेल्या चाली वाजवतं, आणि त्यांच्यावर आवाज चढवतं तो चॅपलमध्येच घडलेल्या समूहगानाचा.